ट्रॅम्पोलिनवर फिट व्हा, पण एका वेळी एकच!

जालना जिल्ह्यात राजूरच्या गणपतीची अंगारकी असो की गावची जत्रा, उड्या मारायची जाळी दिसली की मुलं हटत नाहीत. हीच ट्रॅम्पोलिन, २००० पासून ऑलिंपिकमधला पदकाचा खेळ. उड्यांनी पोटऱ्या, मांड्या, पोट कामाला लागतं, दम वाढतो, तोल सुधारतो.

पाढे म्हणत उड्या मारा किंवा ‘स्टॅच्यू’ म्हणताच गुडघे वाकवून जागीच थांबा.

पण चौघांनी एकदम चढू नका. जड मूल आदळलं की जाळीच्या झटक्याने शेजारचं हलकं मूल वेडंवाकडं उडतं, हात-पाय मोडतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनुसार सुमारे ७५ टक्के दुखापती अशाच, एकापेक्षा जास्त जण चढल्यावर होतात. सहा वर्षांखालच्यांना चढवूच नका. स्प्रिंगवर गादी नसेल तर तिकीटही काढू नका.