कापलेला कर आणि उसाचा ठेकेदार

दसरा सरला की कृष्णाकाठी, कराडापासून वाळव्यापर्यंत, बीडकडून आलेल्या ऊसतोड्यांच्या कोप्या उभ्या राहतात. नवराबायकोची एक जोडी म्हणजे एक कोयता. पण कारखान्याचा करार बहुधा या जोडीशी नसतो. तोडणी-वाहतुकीचे काम अंगावर घेणाऱ्या ट्रॅक्टरमालकाशी असतो. हा मालक मुकादमाला उचल देतो आणि मुकादम मजुरांना. मालकाला बिल मिळते ते मात्र कर वजा होऊन. ही रीत आली कोठून?

इंग्लंडात ॲडिंग्टन यांनी १८०३ साली कर उगमापाशीच अडवण्याची युक्ती काढली. आपल्याकडे १८८६ च्या कायद्याने सरकारी पगार आणि रोख्यांवरील व्याज यांतून कर कापला जाऊ लागला. साताऱ्याच्या मामलेदाराच्या हाती पगार पडे तो कर जाऊनच. यात अन्याय म्हणावा असे फारसे नव्हते, कारण पगार म्हणजेच उत्पन्न.

ठेकेदाराचे तसे नसते. १ एप्रिल १९७२ पासून १९६१ च्या आयकर कायद्यात कलम १९४ सी आले आणि ठेक्याच्या पैशातून दोन टक्के कपात सुरू झाली. दक्षिण सातारा जिल्ह्याला सांगली हे नाव मिळून तेव्हा बारा वर्षे होत आली होती, आणि दोन्ही जिल्ह्यांत सहकारी कारखान्यांची धुराडी पेटली होती. काम संपले की ठेकेदार दुसऱ्या गावी जाणार. त्याला तेथे गाठण्यापेक्षा पैसे देणाऱ्यालाच वसुलीला लावणे सरकारला सोयीचे वाटले असेल, तर नवल नाही.

पण कापायचे कशातून? एका सिमेंट कंपनीच्या खटल्यात पोती भरणाऱ्या ठेकेदाराच्या बिलाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. त्यात मजुरांची मजुरीही होती. १९९३ साली न्यायालयाने निर्णय दिला की कपात दिलेल्या सर्व रकमेवर. त्यातला नफा किती हे पैसे देणाऱ्याने पाहायचे नाही.

आता आपल्या ट्रॅक्टरमालकाचा हिशेब मांडू. समजा, तोडणीचे बिल दहा लाखांचे झाले, आणि मजुरी, कमिशन व खर्च भागून पन्नास हजार उरले. जुन्या दराने कपात वीस हजार! त्यातच उचल घेतलेली टोळी आलीच नाही, तर उरते ते कर्ज. कापलेला कर मात्र खजिन्यात. तो परत मिळतो, पण विवरणपत्र भरल्यावर. बँकेचा हप्ता तोवर थांबत नाही.

ऑक्टोबर २००९ पासून व्यक्तीसाठी दर एक टक्क्यावर आला. पॅन देणाऱ्या मालवाहतूकदाराला कपातीतून सूटही मिळाली. २०१५ साली ती दहा वाहनांपर्यंतच्या मालकापुरती राहिली. सूट वाहतुकीला होती, तोडणीला नव्हे. आणि एप्रिल २०१० पासून पॅन नसेल, तर कपात वीस टक्के. २०२५ साली नवा आयकर कायदा झाला. त्यातही कपात बिलाच्या एकूण आकड्यावरच ठेवली आहे.