बधिर हाताचे दुखणे

मराठी पोवाड्यांच्या अभ्यासकांना हॅरी आर्बथनॉट अ‍ॅकवर्थ हे नाव परके नाही. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह त्यांनी १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला आणि तीन वर्षांनी त्यांतल्या काही पोवाड्यांची इंग्रजी पद्य भाषांतरे प्रसिद्ध केली. हेच अ‍ॅकवर्थ त्या वर्षांत मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. शहरात भीक मागत फिरणाऱ्या निराधार कुष्ठरुग्णांसाठी १८९० मध्ये माटुंग्याला जो आश्रय उभा राहिला, तो त्यांच्याच पुढाकाराने. वडाळ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयाला आजही त्यांचे नाव आहे. मी वैद्यकाचा विद्यार्थी नाही. पोवाड्यांच्या मागे लागलो असताना या माणसाचे दुसरे काम समोर आले आणि तिथून वाट वळली ती वळलीच.

त्या वाटेवर एका प्रश्नाने मला फार दिवस अडवून धरले. कुष्ठरुग्णाला दुखते का?

चारचौघांत विचाराल तर उत्तर ठरलेले आहे: नाही. कुष्ठरोग म्हणजे बधिरपणा. चटका बसला तरी कळत नाही, काचेवर पाय पडला तरी कळत नाही. करमाळा तालुक्यातल्या आमच्या शाळेत कुष्ठरोग तंत्रज्ञ तपासणीला येत, तेव्हा मुलांचे सदरे उतरवून पाठी बघत. फिकट चट्टा दिसला की डोळे मिटायला सांगून हलकेच स्पर्श करत आणि कुठे लागले ते बोटाने दाखवायला लावत. न खाजणारा, न दुखणारा चट्टा हीच खूण त्यांनी गावोगाव शिकवली. त्या शिकवणीचा उपयोग मोठा झाला, हे निर्विवाद. हजारो रुग्ण लवकर सापडले. पण ‘न दुखणारा रोग’ ही समजूतही त्याच वाटेने घरोघर जाऊन बसली.

जुन्या ग्रंथांत चित्र इतके एकरंगी नव्हते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात कुष्ठाची पूर्वरूपे सांगताना ‘स्पर्शाज्ञत्व’ आहे, म्हणजे स्पर्श न कळणे; आणि त्याच यादीत ‘तोद’ आहे, म्हणजे टोचल्यासारखी वेदना. प्राचीन ‘कुष्ठ’ या शब्दात त्वचेचे अनेक विकार येतात, तेव्हा त्यातून फार काही सिद्ध करू नये. तरी बधिरता आणि टोचणी एकाच शरीरात नांदू शकतात, हे त्या यादीला विसंगत वाटले नव्हते, एवढे नक्की.

युरोपात १८४७ मध्ये नॉर्वेच्या डॅनियलसन आणि बक यांनी कुष्ठरोगाचे आधुनिक वर्णन केले आणि त्याचे दोन मुख्य प्रकार मानले: गाठींचा आणि बधिरतेचा. दुसऱ्या प्रकाराचे नावच संवेदना नसण्यावरून पडले. नाव पडले की डॉक्टरची नजर त्या नावाच्या मागे जाते.

मुंबईत या विषयाला हात घातला तो हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी. १८५८ मध्ये निघालेल्या ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या जगप्रसिद्ध ग्रंथातली चित्रे काढणारे हेच कार्टर. त्याच वर्षी ते मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागले आणि जे. जे. रुग्णालयात मरण पावलेल्या कुष्ठरुग्णांची शवविच्छेदने करू लागले. हाताकडे जाणारे मज्जातंतू त्यांना जागोजाग सुजलेले, जाड झालेले दिसले. १८६२ मध्ये त्यांनी ही निरीक्षणे मुंबईच्या वैद्यकीय मंडळाच्या नियतकालिकात मांडली. पुढे १८६३ पासून सुमारे नऊ वर्षे ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. १८७३ मध्ये नॉर्वेला जाऊन, कुष्ठरोगाचा जंतू नुकताच पाहिलेल्या हॅन्सन यांना भेटून आले. कातडीचा समजला जाणारा हा रोग मुळात मज्जातंतूंचाही आहे, हे आपल्याकडे प्रथम ज्यांनी स्वतःच्या हातांनी उलगडून पाहिले त्यांत कार्टर येतात. मात्र मेलेल्या माणसाचा मज्जातंतू जाड आहे की नाही हे सांगतो. तो दुखत होता की नाही हे सांगत नाही.

उपचारांचा शोधही याच मुंबईत चालू होता. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर डॉ. भाऊ दाजी लाड आयुष्याच्या उत्तरार्धात सह्याद्रीतल्या कडू कवठाच्या तेलावर प्रयोग करत होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याच जातीच्या तेलाची इंजेक्शने जगभर दिली गेली, आणि ती घेणे हीच एक शिक्षा होती. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या कारव्हिल इथे सल्फोन औषधे आली, मग डॅप्सोन, आणि १९८१ नंतर तीन औषधांचा एकत्रित उपचार. जंतू मरू लागले. आपल्याकडे वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने डॉ. वारदेकरांच्या काळात शोध, शिक्षण आणि उपचार यांची जी पद्धत बसवली, ती पुढे राष्ट्रीय कार्यक्रमाचा कणा झाली. हा भाग वाचकांना बहुधा ठाऊक असतो, म्हणून इथे थांबत नाही.

थांबायचे ते कोपरापाशी. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या खोबणीतून एक मज्जातंतू जातो. तिथे टेबलाची कड लागली की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, हा अनुभव सर्वांचा आहे. कुष्ठरोगाच्या जंतूला शरीराचे थंड, कातडीलगतचे भाग मानवतात, आणि हा मज्जातंतू नेमका तसा आहे. जंतूंवर शरीराची प्रतिकारशक्ती तुटून पडते तेव्हा रणांगण होते ते मज्जातंतूचे. तो दोरीसारखा फुगतो. खोबणीत जागा थोडी, त्यामुळे आवळला जातो. कुष्ठरोगाच्या डॉक्टरांना शिकवतात की कोपरामागे बोट फिरवताना आपली नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर ठेवा. बोटांनी जाडी कळते, दुखणे चेहऱ्यावर उमटते.

हा दाह वैद्यकाला माहीत होता आणि त्यावर संशोधनही झाले. त्यातली एक हकीकत विलक्षण आहे. थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध गर्भातल्या मुलांना अपंग करते असे उघड होऊन १९६१ च्या अखेरीस जर्मनीतून मागे घेतले गेले. जेरुसलेमच्या कुष्ठरोग रुग्णालयात डॉ. याकोब शेस्किन यांच्याकडे मात्र थोड्या गोळ्या शिल्लक होत्या. रोगाच्या प्रतिक्रियेच्या वेदनेने झोप उडालेल्या रुग्णांना त्यांनी त्या केवळ झोपेसाठी दिल्या. रुग्ण झोपले, आणि दोन-तीन दिवसांत वेदना व गाठी ओसरू लागल्या. १९६५ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. बदनाम झालेले औषध अशा रीतीने, कडक निर्बंधांखाली, पुन्हा वापरात आले.

बाकी सर्व भार प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडवर. ते किती आठवडे द्यावे यावर भारत, नेपाळ, बांगलादेश, इंडोनेशिया इथल्या केंद्रांवर मोठी चाचणी झाली: एका गटाला २० आठवडे, दुसऱ्याला ३२. २०१७ मध्ये आलेला निष्कर्ष असा की जास्त आठवडे दिल्याने जास्त फायदा होत नाही. स्टेरॉइडचे दुष्परिणाम पाहता हे उत्तर मोलाचे आहे. पण चाचणीचे मुख्य माप काय होते ते पाहा: स्पर्श किती परत आला, स्नायूंत बळ किती आले. म्हणजे पुन्हा बधिरपणा आणि लुळेपणा.

याला एक थोर कारणही आहे. डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला दाखवून दिले की कुष्ठरुग्णांची बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत; वेदना नसल्यामुळे जखमा दुर्लक्षित राहतात आणि बोटे जातात. १९९३ च्या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच वेदनेला कोणालाही नको असलेली देणगी म्हटले आहे. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंटिया कुष्ठरुग्णांचे वाकडे हात शस्त्रक्रियेने सरळ करत होते; डॉ. दराब दस्तूर यांनी १९५५ मध्येच त्वचेतले मज्जातंतू आणि हरपलेली संवेदना यांचा मेळ सूक्ष्मदर्शकाखाली तपासला होता. या सर्वांचे काम मोठेच. त्यांच्या तेजात एक छोटी गोष्ट मात्र झाकली गेली, असे माझे मत आहे. वेदना नसणे हे ज्या रोगाचे दुःख ठरले, त्या रोगात वेदनेची तक्रार करणाऱ्याला कोण ऐकणार?

वैद्यकाच्या इतर शाखांत हे कोडे जुने होते. अमेरिकन यादवी युद्धातल्या जखमी सैनिकांत वेअर मिचेल यांनी १८६४ मध्येच नोंदवले होते की मज्जातंतूला इजा झालेला हात भाजल्यासारखा जळत राहतो. मज्जातंतू बिघडला की संदेश थांबतातच असे नाही. कधी तो खोटेच संदेश पाठवत राहतो. जखम भरते, आग भरत नाही. अशा वेदनेवर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत.

कुष्ठरोगात उपचार पूर्ण झाला की रुग्णाचे नाव उपचार-यादीतून उतरते. कागदावर तो रोगमुक्त. २००५ च्या डिसेंबरमध्ये देशपातळीवर दर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण उरल्याने भारताने निर्मूलनाचे उद्दिष्ट गाठल्याचे जाहीर केले. मग रोगमुक्त माणूस रात्री कोपराला फडके आवळून बसतो, याची नोंद कोणत्या वहीत व्हायची?

ती नोंद हळूहळू झाली. २००० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये बांगलादेशातल्या उपचार झालेल्या रुग्णांच्या जुनाट मज्जातंतू-वेदनेवर छोटे टिपण आले. २००७ मध्ये हैदराबादहून अशाच रुग्णांच्या ऊतींचा अभ्यास आला. आणि २०११ मध्ये आपल्या मुंबईचा. डॉ. आर. गणपती यांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या बॉम्बे लेप्रसी प्रोजेक्टमध्ये, लंडन आणि फिनलंडच्या संशोधकांसह, उपचार पूर्ण झालेले १०१ जण तपासले गेले. त्यांतल्या २२ जणांना मज्जातंतूची वेदना होती. पाचांत एकाहून जास्त. ज्यांना ती होती त्यांच्यात मनाचा त्रासही अधिक आढळला.

मोजण्याचे साधन साधेच होते. २००५ मध्ये फ्रान्समध्ये तयार झालेली ही दहा मुद्द्यांची प्रश्नावली आहे: सात गोष्टी विचारायच्या, तीन अंगावर तपासायच्या, दहापैकी चार जुळल्या की मज्जातंतूची वेदना समजायची. ते सात मुद्दे मी आमच्या बोलीत मांडून पाहिले. आग, करंट बसल्यागत चमक, मुंग्या, सुया टोचणे, बधिरपणा, खाज: सहा सहज जमले. सातव्याशी, म्हणजे दुखवणाऱ्या गारठ्याशी, अडलो. शेवटी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने सोडवले: ‘बर्फ धरल्यावानी ठणकतंय, आसं म्हना की.’ त्याला कुष्ठरोग नव्हता, साखरेचा आजार होता.

साखरेचा उल्लेख आला ते बरेच झाले. कारण या वेदनेवरची औषधे सिद्ध झाली ती इतर आजारांवर. तोंडाच्या एका बाजूला विजेसारख्या उठणाऱ्या कळांवर १९६२ मध्ये कार्बामाझेपिन उपयोगी ठरले. १९८२ मध्ये टोरांटोचे डॉ. वॉटसन यांनी नागीण बरी झाल्यावर मागे राहणाऱ्या आगीसाठी अमिट्रिप्टिलिन हे नैराश्यावरचे औषध २४ जणांवर तपासले. १६ जणांना चांगला आराम पडला. १९९८ मध्ये गॅबापेंटिनच्या दोन चाचण्या एकदम आल्या, एक १६५ मधुमेहींवर, दुसरी नागीण झालेल्या २२९ जणांवर. २०१५ मध्ये अशा २२९ चाचण्यांची एकत्र छाननी झाली. तिचे आकडे नम्र करणारे आहेत. प्रेगाबालिन साधारण आठ जणांना द्यावे तेव्हा, नुसत्या पिठाच्या गोळीच्या तुलनेत, एकाला जास्तीचा भरीव आराम मिळतो. गॅबापेंटिनचे प्रमाण सातास एक. अमिट्रिप्टिलिनच्या कुळातल्या जुन्या, स्वस्त औषधांचे चारास एकाच्या आसपास. तोंड कोरडे पडणे, गुंगी, म्हाताऱ्यांत हृदयाची काळजी हे त्यांच्या सोबतीला असतेच. शिवाय गोळीचा कागद कोणी वाचून दाखवला आणि त्यात नैराश्य दिसले, की ‘डॉक्टरने मला येडा ठरवला’ म्हणून गोळ्या बंद, हा आमच्याकडचा वेगळा दुष्परिणाम.

ज्या चाचण्यांवर आजची औषधयोजना उभी आहे त्या मधुमेहाच्या आणि नागिणीच्या रुग्णांवर झाल्या. कुष्ठरोगाचा मज्जातंतू वेगळ्या रीतीने बिघडतो. कधी आत दाह धुमसत असतो, तेव्हा स्टेरॉइड हवे. कधी दाह विझून नुसती खोटी आग उरते, तेव्हा स्टेरॉइड देणे म्हणजे अपायच. दोन्ही ओळखून वेगळे करणे हेच इथले अवघड काम आहे, आणि त्यासाठी आधी रुग्णाला विचारावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीत कुष्ठरुग्णाच्या विकृतीला शून्य, एक किंवा दोन अशी श्रेणी देतात. हातापायांपुरते बोलायचे तर एक म्हणजे बधिरता, दोन म्हणजे दिसणारी विकृती. वेदनेला श्रेणी नाही. ज्याचा स्पर्श शाबूत आहे, बोटे सरळ आहेत आणि कोपर रात्रभर जळते, तो शून्यात बसतो. आता शोधमोहिमेत आशाताई घरोघर जाऊन चट्टे विचारतात. त्यांच्या वहीत, एकेकाळी उपचार घेतलेल्यांसाठी, हे सात प्रश्न मावतील. अंगावरच्या तीन तपासण्यांना एक मऊ ब्रश आणि एक टाचणी पुरते.