मुतखडा, शस्त्र आणि आकडे : १८३५ चा एक वाद

१/८ भूल देण्याची सोय नव्हती, त्या काळी मूत्राशयातील मोठा खडा काढायचा तर रुग्णाला धरून-बांधून, वृषणकोश व गुदद्वार यांमधील जागी छेद घ्यावा लागे. शस्त्रक्रिया काही मिनिटांत आटोपे; पण रक्तस्रावाने वा जखम चिघळून पुढे अनेक जण दगावत.

२/८ सुश्रुतसंहितेतही अशी शस्त्रक्रिया वर्णिली आहे. न केल्यास मृत्यू निश्चित, केल्यास संशय. म्हणून आधी राजाची अनुज्ञा घ्यावी, असा तिचा दंडक. हा संशय नेमका किती, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये ऐरणीवर आला.

३/८ १३ जानेवारी १८२४. ज्याँ सिव्हिआल या फ्रेंच शल्यविशारदाने अकादमीच्या समितीसमोर मूत्रमार्गातून एक बारीक नळी आत सरकवली, तिच्या टोकाच्या पंजाने खडा पकडला आणि आतच फोडला. कुठेही छेद घेतला नाही. या पद्धतीचे नाव लिथोट्रिटी.

४/८ तरीही जुनी पद्धत हटली नाही. तिचे पुरस्कर्तेही आपल्या यशाचे दाखले देत होते. तेव्हा सिव्हिआलने युरोपभरातून शस्त्रक्रियांच्या नोंदी जमवल्या. त्यांची संख्या पाच हजारांहून अधिक भरली.

५/८ निष्कर्ष ठळक होता. छेद घेतलेल्यांपैकी पाचांत सुमारे एक रुग्ण मरण पावला होता. लिथोट्रिटीत मृत्यूचे प्रमाण शेकडा दोन-तीन.

६/८ १८३५ मध्ये विज्ञान अकादमीने यावर अहवाल दिला. समितीत गणिती प्वासाँ होते, नेपोलियनच्या सैन्यातील शल्यविशारद लारे होते. त्यांचा सूर साशंक होता : आकडेशास्त्र एकट्या माणसाला नजरेआड करते, वैद्यासमोर मात्र नेहमी एकच माणूस असतो.

७/८ आकड्यांतही उणीव होती. लहान मुले, फार मोठा खडा वा बिघडलेले मूत्राशय असलेले रुग्ण लिथोट्रिटीस सहसा योग्य नसत. ते शस्त्राच्या वाट्याला जात. दोन्ही गट मुळात सारखे नव्हते. त्यामुळे फरक किती पद्धतीचा आणि किती रुग्णांच्या निवडीचा, हे सांगता येत नव्हते.

८/८ या अडचणीवरचा उपाय म्हणजे रुग्णांची गटवारी वैद्याच्या पसंतीवर न सोडता यदृच्छेने करणे. १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीने तो वैद्यकात रुजवला. सिव्हिआलची तुलना सदोष होती. पण शल्यविशारदाच्या कीर्तीवर न विसंबता दगावलेले रुग्ण मोजावेत, हा त्याचा आग्रह टिकला.