तंजावरचे नेत्रवैद्यकाचे कागद आणि बुबुळाचें रोपण

तंजावरच्या सरस्वतीमहाल ग्रंथालयांत दुसरे सरफोजी महाराज (राज्यकाल १७९८–१८३२) यांच्या वेळचे नेत्ररोग्यांचे कागद जतन झालेले आहेत. रोग्यांची हकीकत, केलेले उपचार व रोगट डोळ्यांचीं रंगीत चित्रें त्यांत आढळतात. परंतु एवढ्यावरून मराठ्यांच्या दरबारीं बुबुळाचें रोपणही होत असे, असें अनुमान कोणीं केल्यास तें आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं.

या कागदांतील शस्त्रकर्म मोतीबिंदूचें आहे. मोतीबिंदूंत डोळ्यांतील भिंग गढूळ होतें. फूल पडतें तें बुबुळावरील स्वच्छ पडद्यावर. हा भेद सुश्रुतासही ठाऊक होता. लिंगनाश त्यानें दृष्टीच्या रोगांत घातला, तर सव्रण व अव्रण शुक्र हे कृष्णमंडलाच्या रोगांत. शुक्रावर तो अंजनें व लेखन सांगतो. रोपण सांगत नाहीं.

सुश्रुताचें खरें महत्त्व निराळें आहे. उत्तरतंत्राच्या सतराव्या अध्यायांत तो लिंगनाशाचा वेध सांगून थांबत नाहीं. वेध चुकल्यास होणारा रक्तस्राव, वेदना व लाली आणि त्यांवरील उपाय तो देतो. शिवाय रोग्यानें ढेकर, खोकला, शिंक व थुंकणें टाळावें, असेंही बजावतो. ही सावधगिरी आजही सार्थ आहे. रोपणाचे वेळीं बुबुळाची चकती काढल्यावर डोळा उघडा असतो. अशा वेळीं एका खोकल्यानेंही दाब वाढून आंतील भिंग व द्रव बाहेर येऊं शकतो, आणि मागील बाजूस अकस्मात् रक्तस्राव झाला तर डोळाच जातो.

रोपणाचा इतिहास हा अशा उपद्रवांच्या निवारणाचाच इतिहास होय. सरफोजी राज्य करीत असतां, १८२४ सालीं, जर्मनींत रायझिंगर यानें या कर्मास नांव दिलें व प्राण्यांवर प्रयोग केले. माणसाच्या डोळ्यांत तें सफल होण्यास आणखी ८१ वर्षें लागलीं. मध्यंतरीं लिस्टरची जंतुनाशक पद्धति (१८६७) व कोकेनचें बधिरीकरण (१८८४) हीं आलीं. ७ डिसेंबर १९०५ रोजीं ओल्म्युत्झ येथें त्सिर्म यानें चुन्यानें भाजलेल्या एका मजुराच्या दोन्ही डोळ्यांवर रोपण केलें. एका डोळ्यांतलें टिकलें नाहीं. दुसऱ्यांतलें स्वच्छ राहिलें. परक्या ऊतीस शरीरच विरोध करतें, हें तर विसाव्या शतकाच्या मध्यास स्पष्ट झालें. त्यावर आतां स्टेरॉइडचे थेंब देतात.

त्सिर्मचें अपयश नोंदलें गेलें, म्हणूनच त्याच्या यशाचें मोल कळतें. संग्राहकांस आमची विनंती याच न्यायानें आहे. सनदा व वंशावळी आपण जपतों. वैद्यांचीं बाडें आणि रोग्यांच्या मोडी टिपणांचे सुटे कागद मात्र रद्दींत जातात. ज्यांत गुण आला नाहीं असें टिपणही राखावें. चित्र सुंदर म्हणून तें मजकुरापासून तोडूं नये. तोडल्यास दोन्ही मुकीं होतात. कागद कोणत्या घराण्यांतून आला तेंही त्याजवर टिपून ठेवावें. सरफोजींचे कागद एकत्र राहिले म्हणूनच त्यांत काय आहे आणि काय नाहीं, हें आज आपणांस निश्चयानें सांगतां येतें.