बैलाची किंमत, कुत्र्याचा खर्च

पुण्याच्या मार्केट यार्डात भाव नसलेली वस्तू शोधून सापडत नाही. गूळ, मिरची, कांदा, झेंडूची फुले, इतकेच काय रिकामी पोती आणि फुटक्या खोक्यांच्या फळ्याही विकल्या जातात. आमच्या शाळेत या भागातली बरीच मुले येतात. त्यांच्यापैकी नववीतल्या एका मुलीने एकदा मला मधल्या सुट्टीत गाठले. तिचे वडील भुसार विभागात हमाली करतात. गाळ्यामागे जन्मलेले कुत्र्याचे एक पिल्लू तिने घरी नेले होते. त्याला उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले. डॉक्टरांनी तीन-चार दिवस सलाइन लावावे लागेल असे सांगितले. खर्चाचा अंदाज वडिलांच्या आठवड्याच्या कमाईहून जास्त होता. घरी काका म्हणाले, “कशाला एवढं? दुसरं पिल्लू फुकट मिळतंय.”

“बाई,” तिने विचारले, “फुकट मिळालं म्हणून त्याची किंमत शून्य धरायची का?”

मला पटकन उत्तर देता आले नाही. मात्र काकांचा हिशोब कुठून आला हे थोडे शोधल्यावर लक्षात आले. तो बैलाचा हिशोब आहे, आणि बैलापुरता तो चुकीचाही नाही. समजा, बैलाची किंमत 40,000 रुपये आहे. उपचार न केल्यास तो वाचण्याची शक्यता पाचात एक, केल्यास पाचात चार. म्हणजे उपचाराने शक्यता पाचात तीनने वाढते आणि 40,000 चे तीन पंचमांश, 24,000 रुपये, ही खर्चाची वरची मर्यादा ठरते. (वर्गात संभाव्यता शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे, ग्रामीण भागातली मुले आकडे स्वतःच दुरुस्त करून देतात.) शेतकरी कागद-पेन्सिल घेत नाही, पण जनावराचे वय, दात आणि पुढचा हंगाम पाहून तो साधारण याच आकड्यापाशी येतो. गुरांच्या विम्याची भरपाईही जनावराच्या बाजारभावाशीच बांधलेली असते.

आपल्याकडच्या आधुनिक पशुवैद्यकाची सुरुवातही याच हिशोबाने झाली, आणि तीही पुण्यात. 1862 मध्ये येथे लष्कराची पशुवैद्यक शाळा निघाली. लष्कराला घोडे हवे होते आणि घोडा महाग होता. पण गुरांच्या साथींपुढे हा एकेकट्याचा हिशोब लंगडा पडला. बुळकांडी म्हणजे गुरांचा देवी रोग. गोठ्यात शिरला की गावच्या गावे मोकळी करी, आणि त्यावर औषध नव्हते. हॅलन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने 1871 मध्ये या साथींवर अहवाल दिला. पुढे 9 डिसेंबर 1889 रोजी पुण्यात ‘इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ सुरू झाली. तिला जागा मिळाली ती कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढे शिवाजीनगरचे अभियांत्रिकी महाविद्यालय झालेल्या संस्थेत. प्रमुख होते डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड. भर वस्तीत असे धोकादायक जंतू हाताळणे बरे नव्हे, शिवाय हवाही उष्ण, म्हणून 1893 मध्ये प्रयोगशाळा कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली गेली. आजची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था ती हीच. पुण्यात तिची आठवण फारशी कुणाला नाही.

मुक्तेश्वरलाच 1927 मध्ये एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळ्यांमध्ये पुनःपुन्हा वाढवून सौम्य केला आणि त्यापासून लस केली. 2011 मध्ये हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. माणसाच्या देवीनंतर असा निर्मूलन झालेला हा दुसराच रोग. यात एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. माझ्या बैलाला लस दिली की शेजाऱ्याचा बैलही थोडा सुरक्षित होतो, पण त्याबद्दल शेजारी मला पैसे देत नाही. म्हणून प्रत्येकाने आपापल्या जनावराच्या किमतीपुरता विचार केला असता तर लस पुरेशी टोचली गेलीच नसती. तो खर्च सरकारने उचलला, म्हणजे सगळ्यांनी मिळून उचलला.

ज्या जनावराला बाजारात भावच नाही, त्याचे काय? मुंबईत 1832 च्या जून महिन्यात मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध दंगल झाली. मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस मिळे. म्हणजे कुत्र्याला किंमत होती, पण मेल्यावर. पारशी मंडळी पुढे होती, इतर व्यापारीही सामील झाले आणि बाजार बंद पडला. दोन वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. तिचा खर्च चालवायला व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या उलाढालीवर लहानशी पट्टी बसवून घेतली. पुढे ठिकठिकाणच्या बाजारांत हीच रीत दिसते. शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीत अडत, तोलाई, हमाली यांच्या खाली धर्मादाय, गोशाळा अशीही कपात असे.

कल्पना चांगली होती, पण ओझे भलत्याच्या खांद्यावर गेले. पुण्य व्यापाऱ्याच्या नावावर आणि पैसे शेतकऱ्याचे, ज्याचा स्वतःचा बैल कदाचित घरी लंगडत उभा असेल. 1928 मध्ये शेतीविषयक रॉयल कमिशनने अशा कपातींवर बोट ठेवले आणि नियंत्रित बाजारांची शिफारस केली. मुंबई प्रांताचा बाजार कायदा 1939 मध्ये आला, पुण्याची बाजार समिती 1957 मध्ये स्थापन झाली आणि महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा 1963 मध्ये झाला. सक्तीची धर्मादाय कपात बंद झाली हे योग्यच झाले. पांजरपोळी मात्र आहेत. भोसरीची पुणेकरांना ठाऊक आहे. त्या देणग्यांवर चालतात.

कायदा या प्रश्नाला किती भिडतो? 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा सांगतो की प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याच्या भल्यासाठी सर्व वाजवी उपाय करावेत. वाजवी म्हणजे किती रुपये, हे तो सांगत नाही. क्रूरतेच्या खटल्यातला प्राणी उपचारासाठी पाठवला गेला तर काय, हे मात्र कलम 35 मध्ये आहे. खर्च मालकाने ठरलेल्या दराने द्यायचा. पण मालक गरीब आहे म्हणून दंडाधिकाऱ्याने तसा आदेश दिला तर उपचाराचे पैसे घ्यायचे नाहीत. मला हे वाक्य फार मोलाचे वाटते. प्राण्याच्या किमतीऐवजी ते मालकाच्या ऐपतीकडे पाहते. पण ते खटल्यापुरतेच आहे. आपले कुत्रे प्रेमाने सांभाळणाऱ्या हमालाला त्याचा उपयोग नाही.

आता त्या पिल्लाविषयी. त्याला पार्व्हो झाला होता. हा विषाणू कुत्र्यांमध्ये 1978 च्या सुमारास प्रथम ओळखला गेला आणि दोन-तीन वर्षांत जगभर पसरला. उपचार म्हणजे मुख्यतः आधार देणे: शरीरातले पाणी आणि क्षार भरून काढायचे, उलट्या थांबवायच्या, दुसरे जंतू शिरू द्यायचे नाहीत. वेळेवर सुरुवात झाली तर बरीच पिल्ले वाचतात. न झाल्यास बहुतेक दगावतात. हा विषाणू जमिनीवर, पोत्यांवर, फटींत महिनोन् महिने टिकतो, साध्या साबणाने जात नाही. ब्लीचिंगचे द्रावण लागते. काकांचा हिशोब इथे चुकला होता. फुकटचे दुसरे पिल्लू त्याच जागेत आणले असते तर तेही बहुधा आजारी पडले असते.

वडिलांनी गाळ्यावर गोष्ट काढली. कुणी दहा दिले, कुणी वीस. शेठनेही थोडे दिले. कपात कुणाचीच झाली नाही. निम्मी रक्कम जमली, उरलेली वडिलांनी दोन हप्त्यांत फेडली. पिल्लू चौथ्या दिवशी पाणी प्यायले. गाळ्यामागची त्याची दोन भावंडे तोवर मेली होती.

लस दीड-दोन महिन्यांच्या वयापासून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चार महिन्यांपर्यंत देतात, मग वर्षाने पुन्हा, रेबीजची वेगळी. मुलीने सगळ्या मात्रांची किंमत विचारून आणली आणि वहीत सलाइनच्या बिलाशेजारी मांडली. लसींचा आकडा बराच लहान होता. पुढच्या मात्रेची तारीख तिने गाळ्यातल्या कॅलेंडरवर लिहिली आहे, हुंड्यांच्या तारखा जिथे लिहितात त्याच रकान्यात.