रुंद फळ्यांचं लाकडी फ्लोअरिंग : घेण्याआधी पावसाळ्याचा हिशोब का करावा लागतो?

इन्स्टाग्रामवर घरांचे फोटो बघताना एक प्रकार हमखास दिसतो. मोठी खिडकी, पांढऱ्या भिंती आणि खाली हातभर रुंद वाटाव्यात अशा लाकडी फळ्यांची जमीन. तीन बीएचकेचं इंटिरियर काढलेल्या बऱ्याच घरांत निदान एका बेडरूमला तरी असं फ्लोअरिंग करायचा विचार होतोच. दुकानदार सॅम्पल दाखवतो, चौरस फुटाचा दर सांगतो आणि ऑर्डर जाते. त्यानंतर येतो जुलै.

रुंद फळ्यांचं फ्लोअरिंग ही वाईट गोष्ट नाही. पण ते टाइल्ससारखं 'बसवलं की विसरलं' या जातीचं नाही. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. झाड तोडून शंभर वर्षं झाली तरी ही सवय जात नाही.

'रुंद' म्हणजे किती?

साधारणपणे ५ इंच किंवा त्याहून जास्त रुंदीच्या फळीला रुंद म्हणतात. जुन्या पद्धतीच्या पट्ट्या सव्वादोन-तीन इंचांच्या असतात. हल्ली ७ ते ९ इंची फळ्यांना जास्त मागणी आहे, कारण सांधे कमी दिसतात आणि लाकडाच्या रेषा पूर्ण उमटतात.

एकेकाळी मात्र रुंद फळी हा शौक नव्हता, ती सोय होती. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागात वसाहतीच्या काळात पांढऱ्या पाइनची प्रचंड झाडं होती. कमी कापणी करून जास्त जमीन झाकायची तर फळी रुंद ठेवणंच सोपं. गंमत म्हणजे याच झाडांवर ब्रिटिश राजसत्तेचा डोळा होता, जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी. मॅसॅच्युसेट्सच्या १६९१ च्या सनदेने खासगी मालकीच्या नसलेल्या जमिनीवरची २४ इंचांहून जाड झाडं राजासाठी राखून ठेवली. पुढे यावरून इतकी धुसफूस झाली की १७७२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या वेअर गावात सरकारी माणसांना चोप देण्यापर्यंत प्रकरण गेलं. तिथल्या जुन्या घरांत २३ इंची फळ्या मुद्दाम कापून घातल्या जात, अशी आख्यायिका अजून सांगतात.

आपल्याकडे वाड्यांमध्ये सागाच्या फळ्या असायच्या, पण त्या बहुधा खालून दिसायच्या. तुळयांवर फळ्या, त्यावर माती आणि चुन्याचा थर, आणि चालायचं ते त्या थरावर. उघड्या फळ्यांवर चालायची सवय गोव्यातल्या जुन्या दुमजली घरांत जास्त दिसते.

फळी फुगते म्हणजे नेमकं काय होतं?

हा भाग थोडा आकड्यांचा आहे, पण सगळा खर्च यावरच वाचतो किंवा बुडतो.

हवेतली आर्द्रता २५ टक्के असेल तर लाकडात वजनाच्या सुमारे ५ टक्के पाणी राहतं. आर्द्रता ५० टक्क्यांवर गेली की ते ९ टक्के होतं आणि ८० टक्क्यांवर जवळपास १६. ही ओल वाढली की फळी लांबीला जवळजवळ वाढतच नाही, ती रुंदीला वाढते. किती वाढते ते झाडावर आणि कापणीवर ठरतं. साध्या कापणीच्या व्हाइट ओकची रुंदी ओल एका टक्क्याने वाढली की सुमारे ०.३७ टक्क्याने वाढते. सागाची त्याच्या निम्मीच, सुमारे ०.१९ टक्का. सागाला आपल्याकडे जो मान आहे तो नुसता परंपरेचा नाही, हे इथे दिसतं.

आता बारा फूट रुंद खोली घ्या. ओकच्या फळ्यांतली ओल ४ टक्क्यांनी बदलली तर कागदावर एकूण फरक पडतो सुमारे ५३ मिलिमीटर. प्रत्यक्षात गोंद, खिळे आणि वरचं पॉलिश त्याला बरंच रोखून धरतात, पण ओढ तेवढी असते. फळी रुंद असो की अरुंद, हा एकूण आकडा तोच राहतो. फरक पडतो तो वाटणीत. तीन इंची पट्ट्या असतील तर तो सुमारे ४७ सांध्यांत वाटला जातो, म्हणजे प्रत्येक सांध्याला जेमतेम १ मिलिमीटर. डोळ्यांना कळतही नाही. सात इंची फळ्या असतील तर सांधे वीसच, आणि प्रत्येक सांध्याच्या वाट्याला अडीच मिलिमीटरहून जास्त. एवढ्या फटीत एटीएम कार्ड सहज उभं राहतं.

कापणीचाही फरक मोठा आहे. फळीवर डोंगराच्या आकाराच्या कमानी दिसत असतील तर ती साध्या कापणीची. सरळ, समांतर रेषा असतील तर ती खोडाच्या त्रिज्येच्या दिशेने कापलेली, आणि तिचा फुगवटा साधारण निम्मा. अशी फळी महाग पडते, कारण कापताना लाकूड वाया जातं. फोटोत डोंगरवाली फळी जास्त देखणी दिसते हा मोहाचा भाग.

मुंबईपेक्षा नागपूर अवघड

बहुतेकांना वाटतं की लाकडाला खरा धोका मुंबई-कोकणात. ते अर्धवट खरं आहे. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास जाते, पण उन्हाळ्यातही समुद्रामुळे हवा फारशी कोरडी होत नाही. लाकूड वर्षभर ओलसरच राहतं, चढउतार कमी. बुरशी आणि वाळवीची काळजी मात्र जास्त.

पुण्यात एप्रिलच्या दुपारी आर्द्रता २५-३० टक्क्यांच्या खाली उतरते आणि तीन-चार महिन्यांत ८० च्या वर चढते. नागपूर-अमरावतीकडे तर मे महिना भट्टीसारखा कोरडा. फळी एकदा पूर्ण आक्रसते आणि लगेच फुगते. त्यामुळे रुंद अखंड फळीची सगळ्यात कडक परीक्षा विदर्भात होते.

आणि त्याहून वाईट जागा म्हणजे लोणावळ्याचं किंवा कोकणातलं सेकंड होम, जे जून ते सप्टेंबर कुलूपबंद असतं. पंखा नाही, खिडकी उघडी नाही, भिंतींना ओल. अशा घरात खरं लाकूड घालायचं असेल तर डीह्युमिडिफायर किंवा आठवड्याला येऊन घर उघडणारा माणूस, यापैकी एक तरी बजेटमध्ये धरावा लागतो.

दुकानात सगळ्यालाच 'वुडन' म्हणतात

एकाच शब्दाखाली चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात. अखंड लाकूड म्हणजे वरपासून खालपर्यंत एकच फळी. इंजिनिअर्ड म्हणजे वर खऱ्या लाकडाचा २ ते ६ मिलिमीटरचा थर आणि खाली आडवे-उभे चिकटवलेले प्लायचे थर. लॅमिनेट म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या बोर्डावर लाकडाचा छापील फोटो. आणि एसपीसी किंवा विनाइल म्हणजे प्लॅस्टिक आणि दगडाची भुकटी, त्यात लाकूड अजिबात नाही.

ओळखायचं कसं? फळी आडवी धरून कड बघायची. अखंड लाकडात वरच्या रेषा कडेतून खाली उतरतात. इंजिनिअर्डमध्ये थर मोजता येतात. लॅमिनेटमध्ये कड तपकिरी पुठ्ठ्यासारखी दिसते. शिवाय एका बॉक्समधल्या दहा फळ्या शेजारी मांडल्या आणि तीच गाठ दोनदा दिसली, तर तो फोटो आहे.

पाच इंचांच्या पुढची फळी हवी असेल तर आपल्या हवेत इंजिनिअर्ड हाच शहाणपणाचा पर्याय ठरतो. खालचे आडवे थर वरच्या लाकडाला फुगू देत नाहीत. पण त्यातही वरचा थर किती जाड हे विचारायलाच हवं. एका वेळच्या घासणीत अर्धा ते एक मिलिमीटर लाकूड जातं. म्हणजे २ मिलिमीटरच्या थराला आयुष्यात फार तर एकदा घासता येतं, ४ च्या थराला दोन-तीनदा. दरातला फरक बहुतेक इथेच असतो, आणि कोटेशनमध्ये हा आकडा बऱ्याचदा लिहिलेलाच नसतो.

अखंड सागच हवा असेल तर फळीत खोडाच्या बाहेरचा पांढरट भाग किती आहे ते पाहावं. वाळवीला दाद न देण्याचा सागाचा गुण आतल्या गडद लाकडात आहे, पांढऱ्या भागात नाही. लवकर तोडलेल्या लागवडीच्या सागात हा पांढरा भाग जास्त निघतो.

बसवताना

कंत्राटदार आधी फळ्या दाखवतो, पण आधी बघायला हवी ती खालची जमीन. नवा कोबा असेल तर तो वाळायला एका इंचाला साधारण एक महिना हा ठोकताळा आहे, पावसाळ्यात त्याहून जास्त. घरच्या घरी करता येणारी तपासणी म्हणजे दीड फूट बाय दीड फुटाचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने जमिनीला चिकटवायचा आणि एक दिवस तसाच ठेवायचा. खाली दव धरलं किंवा कोबा काळपट झाला तर काम थांबवायचं. काही दिसलं नाही तरी जमीन कोरडी आहे याची खात्री होत नाही, त्यासाठी मॉइश्चर मीटरच लागतो. कंत्राटदाराकडे मीटर नसेल तर तेवढ्यावरूनच बरंच कळतं.

दुसरी गोष्ट समतलपणा. १० फुटांत ५ मिलिमीटरपेक्षा जास्त खड्डा किंवा उंचवटा नको. रुंद फळी खड्ड्यावर वाकत नाही, ती पूल बांधते आणि मग पाय पडला की कुरकुरते. खाली प्लाय घालायचा असेल तर आयएस ७१० शिक्क्याचा, पाण्याला टिकणारा. प्लाय आणि तीन इंचांहून रुंद फळी यांच्या ओलीत २ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा, असा अमेरिकेच्या नॅशनल वुड फ्लोअरिंग असोसिएशनचा दंडक आहे. अरुंद पट्टीला ४ टक्के चालतात.

'माल दोन दिवस खोलीत ठेवला की झालं' हे सर्रास ऐकू येतं. दिवस मोजून उपयोग नसतो. फळीतली ओल त्या खोलीच्या नेहमीच्या हवेशी जुळली का, हे मोजायचं असतं. प्लास्टर, पुट्टी, रंग ही ओली कामं चालू असताना बॉक्स खोलीत आणून ठेवले तर उलटाच परिणाम होतो.

हंगाम कोणता? नोव्हेंबर ते जानेवारी. मेमध्ये खडखडीत सुकलेली फळी घट्ट बसवली तर जुलैत ती वर उचलली जाते. भर पावसात फुगलेली बसवली तर उन्हाळ्यात फटी. हिवाळ्यात लाकूड मधल्या अवस्थेत असतं, त्यामुळे दोन्हीकडे निम्मी-निम्मी हालचाल होते.

भिंतीच्या कडेने १० ते १२ मिलिमीटर मोकळी जागा सोडावी लागते, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. नीटस दिसावं म्हणून मिस्त्री ही फट सिमेंटने भरून टाकतात, तेव्हा लक्ष असलेलं बरं. इंजिनिअर्ड फळी फोमवर तरंगती ठेवता येते. पण रुंद फळीला लवचिक पॉलियुरेथेन गोंदाने पूर्ण चिकटवलं तर ती शांत राहते आणि खालच्या मजल्यावर टकटकही कमी जाते. अखंड रुंद फळी तरंगती बसवू नयेच.

मापात १० टक्के जास्तीचा माल धरावा. १२ बाय १४ ची खोली १६८ चौरस फुटांची, तर १८५ चौरस फूट मागवायचे. शिवाय जुन्या टाइल्सवरच फळी येणार असेल तर जमीन दीड-दोन सेंटिमीटर वर येते, आणि सगळे दरवाजे खालून कापावे लागतात. हा खर्च कोटेशनमध्ये नसतो.

आणि फरशी पुसण्याचं काय?

खरी अडचण बहुतेक घरांत इथे येते. बादलीभर पाणी, त्यात फिनाइल आणि रोज सकाळी ओलं फडकं, ही मराठी घरांची रीत. लाकडावर ती चालत नाही. पाणी सांध्यांतून खाली जातं आणि फळीच्या कडा वर येऊन ती पन्हाळीसारखी होते. लॅमिनेटच्या कडा एकदा फुगल्या की परत बसतच नाहीत. घरकामाला येणाऱ्या मावशींना पहिल्याच दिवशी नीट दाखवून द्यावं लागतं : आधी केर, मग घट्ट पिळलेलं, हाताला जेमतेम गार लागेल एवढंच ओलं मायक्रोफायबर. देवघराखाली समईच्या तेलाचा थेंब, खिडकीतून येणारी पावसाची झड आणि एसीची गळकी नळी या तीन जागा वेगळ्या सांभाळायच्या. स्वयंपाकघर, बाथरूमचा उंबरा आणि बाल्कनीची कड इथे टाइलच बरी.

फळ्या पावसाळ्यात पन्हाळीसारख्या झाल्याच तर लगेच घासून सपाट करून घेऊ नये. पाणी कुठून येतं ते शोधायचं, बंद करायचं आणि थांबायचं. ओल्या अवस्थेत वर आलेल्या कडा घासून टाकल्या, तर हिवाळ्यात फळी सुकून खाली बसते आणि तिचा मधला भाग कासवाच्या पाठीसारखा वर राहतो. नुसती ओल उतरली की बऱ्याच फळ्या आपोआप पुष्कळशा सरळ होतात, त्याला काही महिने लागतात. पॉलिशवाल्याला दिवाळीनंतर बोलवायचं ते यासाठी.