उन्हात झडणाऱ्या रंगाची कुळकथा

उन्हाच्या बाजूच्या जुन्या दारावर हात फिरवला की तळव्याला पांढरी भुकटी लागते. चुन्याच्या भिंतीचं समजू शकतो, पण ऑइलपेंट? घरमालक म्हणतो, रंगाऱ्याने हलका माल वापरला. पुष्कळदा ते खरंही असतं. पण एके काळी चांगल्या रंगांनाही ही खोड होती, आणि तिचं मूळ रंगातल्या पांढऱ्या पुडीत होतं. ही पूड म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. ती इल्मेनाइटपासून काढतात, आणि हे खनिज आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही आहे.

शिशाच्या विषारी सफेद्याला पर्याय म्हणून पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ही पूड बाजारात आली. शुभ्र, निरुपद्रवी. फक्त उन्हात ती आपल्याच भोवतीचं तेल खायची. १९३८ साली गुडीव्ह आणि किचनर यांनी दाखवलं, की अतिनील प्रकाशात ही पूड रंगाचे रेणू फिके पाडते आणि स्वतः मात्र खर्ची पडत नाही. पुडीच्या कणावर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन जागचा उठतो आणि त्याच्या जागी पोकळी राहते. इलेक्ट्रॉन हवेतल्या ऑक्सिजनला चिकटतो, पोकळी पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेते. यातून जे मूलक (रॅडिकल) जन्मतात ते फार आक्रमक. समोर जवसाचं तेल आहे, कीटकनाशक आहे की जिवाणूचं आवरण, याचा ते विधिनिषेध पाळत नाहीत. रंगाच्या कारखान्यांनी कणांवर ॲल्युमिना-सिलिकाचा थर देऊन ही खोड आवरली.

हीच खोड गुण म्हणून वापरायचं श्रेय मुख्यतः जपानचं. टोकियो विद्यापीठात केनिची होंडांचा विद्यार्थी अकिरा फुजिशिमा याने १९६७ च्या सुमारास पाण्यात बुडवलेल्या रुटाइलच्या, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडच्याच एका रूपाच्या, स्फटिकावर झेनॉन दिव्याचा झोत टाकला. बुडबुडे आले: प्रकाशाने पाणी फुटत होतं. झिंक ऑक्साइडचा पृष्ठभाग अशा प्रयोगात खरवडल्यासारखा होतो. हा स्फटिक जसाच्या तसा राहिला. १९७२ साली हे काम ‘नेचर’मध्ये आलं, पुढच्याच वर्षी तेलसंकट उभं राहिलं आणि पाण्यापासून हायड्रोजन मिळवायच्या आशेने सगळे कामाला लागले. उन्हाळ्यातल्या दिवशी टायटॅनियम डायऑक्साइडच्या चौरस मीटरभर पत्र्यातून मिळाला सात लिटर हायड्रोजन, कार्यक्षमता ०.३ टक्के. इंधनाचं स्वप्न तिथेच थंडावलं. मला वाटतं, बरंच झालं. लोकांनी त्याच प्रक्रियेला सफाईचं काम दिलं. १९७७ साली फ्रँक आणि बार्ड यांनी पाण्यातलं सायनाइड मोडून दाखवलं, १९८५ साली मात्सुनागा आणि सहकाऱ्यांनी प्लॅटिनम जोडलेल्या पुडीने जिवाणू मारले. पुढे जपानी इस्पितळांच्या शस्त्रक्रियागृहांत या पुडीचा लेप दिलेल्या टाइल्स बसल्या.

अडचण एकच: पुडीचं ॲनाटेज रूप ३८७ नॅनोमीटरच्या आतल्या प्रकाशानेच जागं होतं. उन्हात असा प्रकाश पाचेक टक्के, खोलीतल्या दिव्यात जवळपास नाहीच. म्हणून डोपिंग, म्हणजे स्फटिकात मुद्दाम केलेली परक्या अणूंची भेसळ. क्रोमियमसारखे धातू घालून झाले, पण बऱ्याचदा परका अणू सापळाच ठरतो: इलेक्ट्रॉन आणि पोकळी तिथेच एकमेकांना भेटून विझतात. १९८६ साली सातो यांनी नायट्रोजनची संयुगं शिरलेली पूड दृश्य प्रकाशातही काम करते असं नोंदवलं. फारसं कोणी लक्ष दिलं नाही. २००१ साली टोयोटाच्या संशोधनशाळेतल्या असाही आणि सहकाऱ्यांनी नायट्रोजनची भेसळ करून ५०० नॅनोमीटरपर्यंतच्या प्रकाशात मिथिलीन ब्लू हा रंग फिका पाडला, आणि मग शोधनिबंधांचा पूर आला. ही पूड पिवळसर दिसते. निळा प्रकाश ती शोषते, त्याची ही खूण. तरी दृश्य प्रकाशातलं तिचं काम अतिनीलइतकं जोरकस नाही.

तेव्हा ‘प्रकाशाने जंतू मरतात’ अशी जाहिरात करणारा रंग किंवा फिल्टर घेताना दुकानदाराला एवढं विचारा: चाचणी कोणत्या प्रकाशात झाली? आयएसओ २७४४७ हे मानक अतिनील प्रकाशाचं आहे, १७०९४ घरातल्या उजेडाचं. ट्यूबलाइटच्या खोलीसाठी १७०९४च बघा.